नियम आता बदललाय

मी खोटं बोलत नाही, अशी आमच्या झाई गावात माझी ख्याती आहे. मासळीच्या वाट्यावरून दोन बायका भांडायला लागल्या, तरी कुणीतरी म्हणतंच, ‘शुभांगीला विचारा, ती होती तिथे.’ मग मी सांगते आणि भांडण मिटतं. ही ख्याती मी लहानपणापासून सांभाळलेली आहे. तिचा खरा उपयोग मात्र मी एकदाच केला, आणि तो काय केला हे माझ्या आईला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही. देवळात हात जोडून उभी राहिले तरी मनातल्या मनातसुद्धा मी ते वाक्य कधी पुरं केलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

कुठून सुरू करू? रेखापासून करायला हवं. पण तिच्यापासून सुरू केलं की आधी तिचे हात आठवतात, आणि मग पुढचं सांगणं जड जातं. तरी — रेखा माझी मैत्रीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत. गणितं ती माझ्या वहीतून उतरवायची, आणि माझ्या सायकलचं पंक्चर काढून द्यायची. या व्यवहारात मीच वरचढ आहे, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते.

आमच्या घरांमधून बाई बोटीवर चढत नाही. ती मासळी उतरवून घेईल, वाळवेल, टोपलीत भरून बाजारात नेईल, बोटीसाठी उपास करेल — पण बोटीवर पाय ठेवणार नाही. का, असं विचारलं तर म्हातारी माणसं अशी बघतात, की परत विचारू नये. फक्त पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढून घेतात आणि इंजिन खाली उतरवतात. आम्ही त्याला मशीनच म्हणतो. जमिनीवर आलेलं मशीन बोटीचं राहत नाही, असं काहीतरी जुन्या लोकांनी ठरवून ठेवलंय. मग त्याला कुणीही हात लावावा. रेखाचे वडील, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, पडवीत ताडपत्री अंथरून मशीन उघडायचे, आणि रेखा तिथून हलायची नाही. आधी नुसते नटबोल्ट खोलायचे पाने हातात द्यायची. मग भाग रॉकेलमध्ये धुऊन द्यायला लागली. आम्ही नववीत असताना भाऊ तापाने आडवे झाले, तेव्हा उघडून पडलेलं मशीन तिने एकटीने जोडलं आणि चालू केलं. आवाज ऐकून भाऊ अंथरुणातून उठून आले. मशीनकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि परत जाऊन निजले.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१६ साली, आम्ही दहावी झालो. त्या वर्षी आमची कल चाचणी झाली होती — कुणाला कशाची आवड, कशात गती, ते सांगणारी. निकालाबरोबर तिचाही निकाल मिळाला. रेखाचा कल तांत्रिक. इतका सरळ, की बाईंनी वर्गात तिचं नाव घेऊन सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा बाई जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, ‘शुभांगी, तुझं सगळंच सारखं आहे.’ वर्ग हसला. रेखाही हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं, मीही तिला शंभर वेळा हसले असेन. पण मार्क माझे जास्त होते ना? वर्गात पहिली मी होते ना? मग कल तिला, आणि मला ‘सारखं’?

हे कारण म्हणून सांगत नाही. असं झालं, एवढंच.

रेखाचं ठरलं होतं. आयटीआयला डिझेल मेकॅनिक. शिकून आली की मशीन कुठेही असो, पाण्यात असो की जमिनीवर, ते तिचंच काम होणार होतं. भाऊंनी फक्त एकच विचारलं. ‘तिथे पोरींना घेतात का? आधी विचारून या. घेत असतील तर जा बाय, मी आडवा येणार नाही.’ म्हणजे बघा, सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं. आणि ते आणायला मी निघाले. रेखाची आई आजारी होती, तिला घर सोडता येईना. मला वडिलांबरोबर दाखल्याच्या कामासाठी तलासरीला जायचंच होतं. ‘शुभे, तू विचारून ये गो,’ रेखा म्हणाली. ‘तुला नीट विचारता येतं.’

वडील तहसील कचेरीच्या रांगेत बसले आणि मी एकटीच आयटीआयमध्ये गेले. तिथे मला कुणी हिडीसफिडीस केलं असतं, तर आज मला केवढा आधार झाला असता. पण तिथले सर फार चांगले वागले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मुलींना घेतात का, या प्रश्नाला ते हसलेच. म्हणाले, घेतो म्हणजे काय, मुलींच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या भरत नाहीत. मैत्रिणीला लवकर घेऊन ये, पहिल्या फेरीतच अर्ज भरू दे, नंतर उरेल त्या ट्रेडला बसावं लागतं. ज्याला आपल्याला काय येतं ते आधीच माहीत आहे, त्याने थांबायचं कशाला? एवढं सांगून ते थांबले नाहीत. मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथे निळ्या कपड्यातली एक मुलगी मशीन उघडून बसली होती. आमच्याच वयाची, एखाद-दोन वर्षांनी मोठी असेल. सरांनी तिला सांगितलं, हिची मैत्रीण येते आहे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तिला सांग, हात काळे होतात. बाकी काही नाही.’

तर मला माहीत होतं. ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे कधीतरी मी स्वतःलाच पटवायला निघाले होते की मला तिथे नीट कळलं नसेल.

एसटीत मी काही ठरवलं का? खरंच नाही. वडील शेजारी पेंगत होते आणि मी रेखाला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते — सरांचा चष्मा, ती मुलगी, पहिली फेरी. तिला आनंद होईल, हे दिसत होतं. तो कसा दिसेल, तेही दिसत होतं. मग डहाणूचं कॉलेज, अकरावी आर्ट्स, आणि तिथे जाणारी मी एकटी, ‘सगळंच सारखं’ असलेली. बस उतारावरून गावात आली तोवर मनातली जुळवाजुळव थांबली होती.

रेखा पडवीतच होती. समोर उघडलेलं मशीन, तिचे हात कोपरापर्यंत काळे. भाऊ पलीकडे बसलेले. ती उठली नाही, फक्त मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. हातातला पाना तसाच. विचारलंसुद्धा नाही तिने. आणि मी म्हणाले —

‘डिझेलला मुलींना घेत नाहीत.’

एवढंच वाक्य. ते बोलताना माझा आवाज हललासुद्धा नाही. भाऊ चिडले नाहीत, वाद घातला नाही, आश्चर्य तर कुणाला वाटलंच नाही. का वाटावं? बाईने बोटीवर चढू नये, तशी तिथेही रीत असणार. जन्मभर जे बघितलं तेच मी त्यांना परत आणून दिलं होतं. माझं खोटं मला उभं करावंच लागलं नाही, ते गावानेच आधीपासून उभं केलेलं होतं. रेखाने फक्त एवढंच विचारलं, ‘नीट विचारलंस ना गो?’

‘दोनदा विचारलं,’ मी म्हणाले.

भाऊंनी हात पुढे केला आणि तिने पाना त्यांच्या हातात दिला. मग ती उठली, हात धुतले, आणि मला जेवायला वाढलं. माझ्यासाठी एवढी पायपीट केलीस, म्हणाली. मी जेवले.

तुम्ही म्हणाल, तोंडातून निघून गेलं असेल. मलाही तसं म्हणता आलं असतं, पण त्यानंतर कितीतरी दिवस अर्ज सुरू होते. रोज सकाळी ती अंगणात दिसायची आणि रोज मला सांगता आलं असतं. आणि एकदा तर सगळं उघडच पडणार होतं. आमच्या वर्गातला दिनेश इलेक्ट्रिशियनचा अर्ज पक्का करायला तलासरीला निघाला होता. रेखा मला म्हणाली, ‘त्यालाही विचारून बघायला सांगू का?’ नाही म्हणावं तर संशय येईल. म्हणून मी म्हणाले, ‘सांग की. तेच सांगतील ते. पण तो आल्यावर गावभर करेल, रेखाला मेकॅनिक व्हायचंय म्हणून. बघ बाई.’

तिने नाही सांगितलं.

या दुसऱ्या वाक्याबद्दल मला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते. पहिलं मत्सराने बोलले. दुसरं विचार करून बोलले. तिची लाज कुठे आहे ते मला शेजारीण म्हणून ठाऊक होतं, आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवलं. अर्जांची मुदत संपली त्या दिवशी मला हलकं वाटलं. हो, हलकं. वाईट वाटायला पुढे बराच वेळ लागला.

मला काय मिळालं? रेखा माझ्याबरोबर अकरावीला आली, बाकावर शेजारी बसली, आणि दिवाळीनंतर यायची बंद झाली. तिचं मन लागेना. ती घरी बोंबील वाळवायला लागली आणि मी एकटीच डहाणूला जात राहिले. ज्याची भीती होती तेच झालं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, तो मी असा केला.

२०१९ च्या सुरुवातीला तिचं लग्न झालं, चिंचणीला. माणसं वाईट नाहीत. पण त्यांच्याकडे मशीन खाली उतरवत नाहीत. मेकॅनिक बाहेरून येतो आणि बोटीवरच काय ते करून जातो. म्हणजे वर्षातले जे दोन महिने तिचे होते, तेही गेले. हे तिने मला हसत हसत सांगितलं. म्हणाली, ‘आवाजावरून कळतं मला काय झालंय ते. पण सांगणार कुणाला?’

त्याच वर्षी पावसाळ्यात ती माहेरी आली होती. तिची धाकटी बहीण मनीषा दहावी झाली होती, आणि तिचंही तेच — मशीन, पाने, आयटीआय. पडवीत आम्ही सगळे होतो. मनीषाने विषय काढला आणि रेखानेच तिला गप्प केलं. ‘उगाच स्वप्नं बघू नको. पोरींना घेत नाहीत तिथे. ही स्वतः गेली होती माझ्यासाठी विचारायला. दोनदा विचारलं हिने.’ आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊ, रेखाची आई, मनीषा. शुभांगीला विचारा, ती खरं सांगेल.

काय बोलू शकले असते, ते तुम्हाला माहीत आहे. तेवढंच बोलायचं होतं. आणि मी म्हणाले,

‘घेतात आता. नियम आता बदललाय.’

रेखा माझ्याकडे बघत राहिली. ‘कधी बदलला?’

‘झालं असेल वर्ष-दोन वर्षं.’

‘म्हणजे थोडक्यात हुकलं गो माझं,’ ती म्हणाली आणि हसली. मग बहिणीच्या पाठीत थाप मारून म्हणाली, ‘ऊठ. उद्याच जा. आणि हिलाच घेऊन जा, हिला सगळं माहीत आहे तिथलं.’

मी गेले मनीषाबरोबर. वाटभर मला एकच धाकधूक होती, की ते सर मला ओळखतील आणि तिच्यासमोर विचारतील, तुझी मैत्रीण आलीच नाही ती? पण ते बदलून गेले होते. कळल्यावर मला बरं वाटलं. मनीषाचं नाव पहिल्याच फेरीत लागलं, डिझेललाच.

दिवाळीत रेखा आली होती. मनीषा वर्कशॉपमधून तशीच घरी आली, तेव्हा रेखाने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. नखांत काळं होतं. ते तिने अंगठ्याने घासून बघितलं, हात नाकाशी नेला, वास घेतला. बराच वेळ तिने ते हात सोडले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुझ्यामुळे झालं हिचं.’

‘त्यात काय,’ मी म्हणाले.

नियम बदलला नव्हता. रेखाच्या वेळीही तोच होता.