घोंगड्यावरची पानगळ

पानगळ म्हटली की आमच्याकडे फाल्गुन. ऊन चटके द्यायला लागलेलं, रस्त्यावर धूळ, आणि लिंबाची पिवळी पानं दारात इतकी पडतात की झाडणारी बाई झाडालाच शिव्या घालते. त्या पानांचं कौतुक करायला कुणी घराबाहेर पडल्याचं औरंगाबादेत मी तरी पाहिलं नव्हतं. म्हणून दक्षिण जर्मनीतल्या त्या शहरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, लोक पोराबाळांसकट नुसती पानं बघायला निघालेले पाहिले तेव्हा मला हसू आलं. पंधरा दिवसांत मीही त्यांच्यातलाच एक झालो.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. औरंगाबादभोवती एकामागून एक कारखाने उभे राहत होते, आणि आमच्या कारखान्याने जर्मनीतून लोखंडी भाग घासून मापात आणणारं एक ग्राइंडिंग मशीन मागवलं होतं. ते चालवायला कुणीतरी आठ महिने तिकडे राहून शिकून यायचं होतं. शेंद्र्याजवळच्या मेंढपाळाचा मुलगा, आयटीआय केलेला, बिनलग्नाचा, असा मी सापडलो. हुशारीवर निवड झाली असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे बाकीच्यांच्या बायका त्यांना सोडायला तयार नव्हत्या.

तिथे एका सत्तरीच्या विधवेच्या घरात मला वरची खोली मिळाली. त्या गावचा नियम असा की घरासमोरच्या फुटपाथवरची पानं ज्याची त्याने झाडायची. घरमालकिणीने पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती खराटा दिला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी ती पानं लोटायचो. काही हळदीसारखी पिवळी, काही वाळल्या मिरचीच्या रंगाची. ओली पानं खराट्याला चिकटायची आणि त्यांना चहापत्तीसारखा वास यायचा. मला ते काम फार आवडायला लागलं. नदीकाठी मोठी झाडं होती, त्यांची तपकिरी चकचकीत फळं टपाटप पडत. एकदा खिसे भरून आणली आणि शिंगाडे समजून उकडली. एक घास घेतला आणि अर्धा तास थुंकत बसलो. मालकीण हसून हसून खुर्चीत कोसळली. ती फळं म्हणे रानडुकरांसाठी गोळा करतात.

हे सगळं सांगावं असं एकच माणूस होतं, आणि त्याला सांगायची सोय मी स्वतःच घालवून बसलो होतो.

तो माझा खोलीतला जोडीदार. उस्मानपुऱ्यात आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. दोघे एकाच कारखान्यात, पण पाळ्या उलट. त्याची रात्रपाळी तेव्हा माझी दिवसपाळी. त्यामुळे दोघांत अंथरूण एकच, माझ्या आईने कातलेल्या लोकरीचं घोंगडं. एक उठायचा, दुसरा पडायचा. दोन वर्षांत ते घोंगडं मला कधी गार मिळालं नाही.

तो बौद्ध होता. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटलेला होता आणि सुटीच्या दिवशी तो मोर्चात असायचा. मी मोर्चात कधी गेलो नाही. त्यानेही कधी बोलावलं नाही. आला की मोर्चातली घोषणा मला ऐकवायचा आणि वर म्हणायचा, "तू नुस्ता ऐक लेका. मेंढरासारखी मान हालवायला काय पैशे पडत्यात?"

जर्मनीचं ठरलं आणि माझ्या पासपोर्टची चौकशी सुरू झाली. पोलीस येऊन घरमालकाला विचारून जाणार होते. खोली बदलली की पत्ता बदलणार, आणि अर्ज पहिल्यापासून. नेमकं त्याच आठवड्यात मालकाने मला जिन्यात गाठलं.

"तुमचा दोस्त कोन लोकं हायेत हो? लई तापलंय सध्या, म्हनून इचारतो."

"मला नाय माहीत," मी म्हणालो.

एवढंच. ना मी त्याच्या विरोधात बोललो, ना बाजूने. मालकाने मान हलवली आणि तो खाली गेला. चार दिवसांनी मी पाळीवरून आलो तर जोडीदाराची पेटी गेलेली. घोंगडं नीट घडी घालून खिडकीत ठेवलेलं, हात लावला तर गार. मालकाने त्याला काढलं असणार, असं मी धरून चाललो. कारखान्यात पाळी बदलताना आम्ही समोरासमोर यायचो तेव्हा तो हातातल्या मोजपट्टीकडे बघायचा. मी घड्याळाकडे बघायचो. पासपोर्ट वेळेवर आला.

जर्मनीत मालकीण दर रविवारी कॉफीला बोलवायची आणि घरचं विचारायची. मोडक्यातोडक्या भाषेत मी तिला सांगितलं की तिकडे माझा एक जिवलग मित्र आहे, आम्ही एका खोलीत राहतो, तो दर आठवड्याला पत्र लिहितो. एकदा सांगितलं की निभवावं लागतं. मग मी त्याची पत्रंच रचायला लागलो. तो म्हणतो ज्वारी चांगली आली. तो म्हणतो नवं मशीन कधी शिकून येतोस. रात्री मला स्वतःचीच लाज वाटायची, आणि तरी रविवारची वाट बघायचो. त्या कॉफीपुरता का होईना, तो माझ्याशी बोलत होता.

ऑक्टोबर संपता संपता तिने मला गाडीतून खेड्याकडे नेलं. डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे पिवळे पडलेले. एका गावात अंगणात बाकं टाकून कांदा घातलेली जाड भाकर आणि नवी, अजून फसफसणारी द्राक्षाची दारू देत होते. भाकर मी दोनदा मागून घेतली. मग आम्ही वरच्या माळावर गेलो. गार वारं होतं म्हणून मी औरंगाबादेहून बरोबर आणलेलं तेच घोंगडं पांघरलं होतं. आणि वास आला. बघायच्या आधी वासच आला. मेंढरं!

पाचएकशे मेंढरं डोंगरावरून थंडीपायी खाली चालली होती, मागे एक म्हातारा मेंढपाळ आणि दोन कुत्री. एक मेंढी लंगडत होती. मी काही विचार न करता पुढे झालो, मागचा पाय धरून तिला बसवलं, खूर उलटा केला. भेगेत खडा होता. खिशातल्या चाकूच्या टोकाने काढला. म्हातारा आधी ओरडत धावत आला, मग जवळ उभा राहून बघत राहिला, आणि शेवटी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे झुकलो. त्या देशात मला पहिल्यांदाच वाटलं की मला इथलं काहीतरी येतं.

मी घोंगडं गवतावर अंथरलं. तिघे बसलो. म्हाताऱ्याने घोंगड्याची लोकर बोटांत चोळून पाहिली, पसंत केली. खालची सगळी झाडं पेटल्यासारखी लाल दिसत होती.

मालकीण सहज म्हणाली, "तुझ्या मित्राला हे सगळं लिही. या आठवड्यात काय म्हणतो तो?"

मी नेहमीसारखं काहीतरी रचून सांगणार, तोच हात घोंगड्यावर टेकला. आमच्यात घोंगड्यावर बसून खोटं बोलत नाहीत. पंच घोंगड्यावरच बसतात, आणि समोरच्यालाही त्यावरच बसवतात. लहानपणी बापाने मला एकदा खोटं बोलताना पकडलं तेव्हा मारलं नव्हतं, फक्त घोंगडं अंथरून म्हणाला होता, "बस हितं. आता बोल." मला बोलताच आलं नव्हतं.

"पत्र येत नाही," मी म्हणालो. "एकही आलं नाही." आणि मग जमेल तशा शब्दांत जिन्यापासून सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "टपालाची पेटी मीच उघडते ना."

त्या संध्याकाळी मी त्याला पत्र लिहिलं. पत्ता कारखान्याचाच टाकला, दुसरा माहीत नव्हता. पानं झाडण्याचं लिहिलं, त्या कडू फळांचं, मेंढीच्या खुराचं. आणि शेवटी, जिन्यात मालकाने काय विचारलं आणि मी काय म्हणालो ते. पासपोर्टसाठी गप्प बसलो, चुकलो, असं सरळ लिहिलं. राग गेला असेल तर दोन ओळी टाक, म्हटलं.

पानं संपली. झाडं नुसत्या काड्या होऊन उभी राहिली, आणि मालकिणीने खराटा तळघरात ठेवून दिला. सकाळी उठून करायला काही उरलं नाही. मी रोज टपालाच्या पेटीकडे बघून जायचो, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्याकडे बघायची. डिसेंबरात, पहिला बर्फ पडला त्या दिवशी, तिने पत्र माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

त्याचं अक्षर ठळक, छापल्यासारखं. त्याने लिहिलं होतं:

"पत्र मिळालं. पानांचं वाचून बरं वाटलं. रानडुकराचा खुराक खाल्लास ते इथं सगळ्यांना सांगितलं, लई हसले. मालकानं मला काढलं नाही, मीच गेलो. त्या दिवशी मी जिन्यात वरच्या वळणावर उभा होतो. तू माझी जात सांगितली असतीस तरी मी तुझ्याशी बोललो असतो, ती काही लपवायची गोष्ट नाही. पण दोन वर्षं एका घोंगड्यावर निजून तुला मी कोण ते माहीत नाही, हे ऐकून मला तिथं निजवेना. आल्यावर ये. येताना घोंगडं आण. त्यावर बस, आणि मी कोण ते सांग."