बिनविरोध

रत्नागिरीतल्या एका सेवाभावी क्लबच्या सभेला मी पाहुणी म्हणून गेले होते. तिथे त्या बाई दिसल्या. नाव आता आठवत नाही. आरे-वारेच्या किनाऱ्यावरची सकाळची सफाई आटोपून त्या थेट सभेला आल्या होत्या. पदर खोचलेला, चपलांना वाळू. वाकडी खुर्ची दिसली की जाता जाता सरळ करायची, ही त्यांची सवय.

क्लबचा अध्यक्ष दरवर्षी बिनविरोध ठरायचा. यंदा एका वकीलसाहेबांचं नाव पुकारलं. टाळ्या सुरू होणार, तोच बाई उभ्या राहिल्या.

"माझंपण नाव घाला हां."

एक ज्येष्ठ सभासद गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे निवडणूक होत नाही. बिनविरोधाची परंपरा आहे."

"मग मोडायची कशाला, भाऊ? वकीलसाहेबांनी माघार घ्यावी. परंपरा राहील."

मागच्या रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. वकीलसाहेब काही मागे हटले नाहीत, त्यामुळे मतदान घ्यावंच लागलं. बाई निवडून आल्या. मी कोण कुठली, पण मान माझी ताठ झाली.

टाळ्यांच्या कडकडाटात त्या अध्यक्षाच्या खुर्चीपाशी गेल्या. बसण्याआधी त्यांनी तीही जरा सरळ केली.