पदर घेतलेला म

चाळिशी आली तरी कडूबाईचे दोन्ही हात कोरेच होते. लहानपणी गोंदणारीण गल्लीत आली की ती ज्वारीच्या कणगीत जाऊन बसायची. तीनदा बसली, चौथ्यांदा लग्नच झालं. सासूनं पहिल्याच दिवशी तिचं मनगट उलटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सगळं इथंच राहतं, वर फक्त गोंदण सोबत येतं, हे सासूनं मरेपर्यंत ऐकवलं आणि नंतर थोरल्या जावेनं, कस्तुराबाईनं ऐकवायला घेतलं. कस्तुराबाईच्या हातावर नवऱ्याचं, व्यंकटरावाचं, अख्खं नाव होतं. जत्रेत मशीनवर गोंदलेलं. वर विचारतील, कुणाची गं तू? नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. मी हात पुढं करीन, तू काय करशील, असं ती भाकरी थापता थापता विचारायची.

कडूबाईला सुईचं भय होतं, पण वर जाऊन मुकाट उभं राहायचं भय त्याहून मोठं निघालं.

त्याच साली मारुतीच्या पारावर बायांसाठी प्रौढ शिक्षणाचा दुपारचा वर्ग निघाला. कोकिळाबाई नावाच्या मास्तरीण गंगाखेडहून एसटीनं यायच्या. दोघी जावा गेल्या. कस्तुराबाई बसायला गेली, कडूबाई शिकायला. चार महिन्यांत ती खताचं पोतं, एसटीची पाटी, भिंतीवरची नामांतराची घोषणा, दिसेल ते बोट ठेवून वाचू लागली. एक दिवस बोट कस्तुराबाईच्या हातावर गेलं.

"व्यंटकराव," कडूबाई म्हणाली.

पारावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. थोरल्या दिराचं नाव घेतलं म्हणून कस्तुराबाई अंगावर धावून आली.

"भावजींचं नाव न्हाईच हे, अक्का," कडूबाई शांतपणे म्हणाली. "म्हणून तर घेतलं."

कोकिळाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. क आणि ट यांनी जागा बदलल्या होत्या. चौदा वर्षं कस्तुराबाई कुणा व्यंटकरावाला मिरवत होती. संध्याकाळपर्यंत गावानं व्यंकटरावांना नव्या नावानं हाका मारल्या आणि दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईनं लांब बाह्यांचं झंपर शिवायला टाकलं.

कडूबाईनं मात्र धडा घेतला. नाव गोंदायचं, पण आपण तपासून. राणीसावरगावची जत्रा तीन महिन्यांवर होती. नवऱ्याचं नाव भुजंग. ज सोपा, ग सोपा, घोळ होता तो भ चा. पाटीवर दर वेळी म उतरायचा. शेवटी तिनं आपली खूण बांधली: म नं डोक्यावरून पदर घेतलेला असतो, भ बोडक्या डोक्यानं हिंडतो. नवऱ्याचं नाव बोलायला बंदी होती, लिहायला नव्हती, म्हणून तिनं ते चुलीपुढच्या राखेत, पिठात, सारवलेल्या ओल्या अंगणात लिहिलं. भुजंग रोज स्वतःच्या नावावर पाय देऊन शेताला जायचा. सुईची सवय व्हावी म्हणून ती बाभळीचा काटाही टोचून घ्यायची आणि मग गूळ खायची. काट्याची सवय काही झाली नाही, गुळाची झाली.

चौथीपर्यंत शिकलेल्या भुजंगची एकच मागणी होती. गोंदायचंच तर भुजंगराव गोंद.

"दोन अक्षरं जास्तीची टोचायची," ती म्हणाली. "तुमचा मोठेपणा मी का सोसू?"

जत्रेत मशीनवाल्यापुढं बायांची रांग होती. कडूबाईनं झंपरातून नाव लिहून घडी घातलेला कागद काढून दिला. त्यानं समोर बसून तिच्या हातावर पेनानं नाव उतरवलं आणि मशीन उचललं. तिनं हात मागं घेतला.

"हा म हाय," ती म्हणाली. "यानं पदर घेतलाय."

मशीनवाल्याला काही कळेना. त्यानं कागद पाहिला, हात पाहिला आणि वैतागून म्हणाला, बाई, नाव एकदा तोंडानं सांगून मोकळ्या व्हा. मागची रांग हसली. हात धरायला आलेली कस्तुराबाई कानात पुटपुटली, "मुजंग तर मुजंग. मी न्हाई का चौदा वर्षं काढली?"

कडूबाईनं थुंकी लावून अख्खं नाव पुसलं, मशीनवाल्याच्या हातातलं पेन घेतलं आणि हात मांडीवर ठेवून स्वतः लिहिलं. भ बोडका, खाली उकार, ज वर टिंब, ग. अक्षरं मेथीच्या जुडीसारखी वाकडी आली, पण हवी तीच होती. मग डोळे मिटले आणि तोंडात गुळाचा खडा धरला.

घरी आल्यावर भुजंगनं हात पाहिला. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली, मग तिच्या मागं जाऊन खांद्यावरून वाकून पाहिलं.

"उलटं लिव्हलंस की गं."

"तिकडून उलटं दिसतंय. माझ्याकडून सरळच हाय."

"अन् वर देव समोर उभा राहिला तर?"

कडूबाईनं हातावर खोबरेल तेल चोळलं. देवाला मागं यायला सांगीन, म्हणाली, जसे तुमी आलात.