पिंपाला कान लावणाऱ्या आक्का

आणि हो, नंदगडकडच्या त्या जुन्या वाइनरीवर मी परवा पोस्ट टाकली ना, त्यात मेन माणूसच राहिला!

आज सकाळी कळलं, आमच्या अनगोळच्या गल्लीतल्या आक्का सत्तरच्या दशकात तिथंच कामाला होत्या. जांभळाची वाइन बनायची. आक्कांची ड्यूटी काय, तर पिंपाला कान लावायचा! आत बुडबुड ऐकू आली तर वाइन अजून कच्ची. आवाज थांबला की बाटल्या भरायच्या.

एकदा आक्का जत्रेला गेल्या आणि मालकांनी घाईत स्वतःच बाटल्या भरल्या. दोन दिवसांत फटाफट बुचं उडाली!

"मालक जीप घिऊन जत्रंत आलं रं," आक्का हसत होत्या. "आक्का, चला की म्हणालं. मी म्हणलं, आधी पाळण्यात बसणार, मग येणार. थांबलं बिचारं!"

"आणि चव कशी होती?"

"मला काय म्हाईत? थेंब न्हाय घेतला कधी."

मी म्हटलं, आक्का, तुमचं नाव पोस्टमध्ये टाकतो. त्या घाबरल्याच. "नको रं! घरच्यांना तो जांभळाच्या रसाचा कारखाना म्हणून सांगितलंय. सुना काय म्हणतील?" आणि लगेच, "पण जत्रंचं लिही हं!"

म्हणून आज नाव नाही लिहिलं. पण त्यांना मनवू का? तुम्हाला काय वाटतं?