नाव ओढायला पेट्रोल की डिझेल

रायपूर राजधानी झालं त्या सुमाराला आमच्या घरात दोन गोष्टी घडल्या. मला नव्यानं उघडलेल्या एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली आणि माझ्या धाकट्या भावानं सिलतऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. माझे पेढे वाटून संपायच्या आत त्याची बातमी येऊन थडकली, त्यामुळे माझ्या नोकरीचं कौतुक जेमतेम आठवडाभर टिकलं. याचा मला अजूनही थोडा राग आहे.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मालगाडीचे ड्रायव्हर. आजोबा नागपूरकडून गँगमन होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घरात शेती नाही, दुकान नाही, सगळं पोटपाणी रुळांवरचं. ताटं मांडून झाली की बाबा ‘लाइन क्लिअर’ म्हणायचे, पाहुणे निघाले की ‘सिग्नल पडला’. मुलाला रेल्वे मिळाली नाही, पण निदान लोखंडाच्या कारखान्यात चिकटला, यावर त्यांनी समाधान मानलं होतं. त्यानं तेही सोडलं तेव्हा ते त्याच्याशी बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं की आईला सांगायचे, आणि तो समोरच बसलेला असायचा.

भावानं कारण काय सांगितलं? तर ‘मन नहीं लगता’. आम्ही घरात मराठी बोलायचो आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा, हे लहानपणापासूनचंच. पण खरं कारण मला माहीत होतं, कारण त्याची खोली माझ्या खोलीला लागून होती. कारखान्यातल्या काळ्या धुळीनं त्याला खोकला धरला होता, आणि रोज पहाटे उशीत तोंड खुपसून तो खोकायचा. बाबांना सांग म्हटलं तर म्हणाला, ‘उन्होंने चालीस डिग्री में इंजन चलाया है, दीदी. मैं क्या बोलूँ?’ हट्टीपणात दोघंही एकमेकांच्या वरचढ होते.

मग त्याच्या डोक्यात नाव शिरली.

नव्या राजधानीत तेव्हा तलावांचे दिवस फिरले होते. जिथं म्हशी डुंबायच्या तिथं फरशा बसत होत्या, बाकं येत होती, भेळवाले जागा धरत होते. तेलीबांध्याच्या मोठ्या तलावापलीकडच्या एका लहानशा तलावात लोकांना नावेतून फिरवायचं, असं भावानं ठरवलं. धमतरीकडच्या धरणावरून त्यानं एक जुनी फायबरची नाव आणली, तिला छोटं इंजिन होतं. तिच्यासाठी दोन चाकांची लोखंडी ट्रॉली बनवून घेतली. तलावाचं काम ज्या कार्यालयाकडे होतं तिथल्या साहेबांनी सांगितलं की रात्री नाव पाण्यात ठेवायची नाही, रोज आणायची आणि रोज न्यायची. आधी एकदा आमच्यासमोर पाण्यात उतरवून दाखवा, मग परवानगीचं पाहू. या तपासणीची तारीख त्यांनी महिनाभरानंतरची दिली. म्हणजे नाव ओढायला गाडी हवी.

त्याच आठवड्यात बाबा स्टेशनवर जाऊन भावाचं पुण्याचं तिकीट काढून आले. पुण्यात माझा मामेभाऊ एका कंपनीत होता, तो चिकटवून देतो म्हणाला होता. तिकीट तपासणीच्या दुसऱ्या दिवसाचं होतं.

‘त्याले सांग,’ बाबा आईला म्हणाले, ‘नाव पाण्यात गेली तं ठीक. नाही गेली तं दुसऱ्या दिवशी गाडीत बसाचं. मंग इथं फिरत नाही राहायचं.’

भाऊ समोरच होता. म्हणाला, ‘ठीक है.’

आईनं ते तिकीट उचललं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. लोक देवाजवळ तिकीट ठेवतात ते प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. आईनं ठेवलं ते प्रवास होऊ नये म्हणून. माझी मोठी बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली होती, चुलत भाऊ सगळे नागपूर-पुण्याला पांगले होते. हाही गेला तर घरात आम्ही तिघं आणि बाबांचं ‘लाइन क्लिअर’, एवढंच उरणार होतं. आईला ते सहन होण्यासारखं नव्हतं, आणि मलाही.

गाडीचा विषय निघाला आणि एक चमत्कार झाला. बाबा थेट भावाशी बोलले.

‘डिझेलच घ्याचं,’ ते म्हणाले. ‘मी जिंदगीभर डिझेल चालवलं. डिझेल बोंबलते, पण ओढते. पेट्रोल नुसतं पळते. तुले नाव पळवाची आहे का ओढाची आहे?’

‘बाबा, सुबह-सुबह स्टार्ट तो होना चाहिए.’

‘हीटर दाबून धराचा. होते स्टार्ट. काहून नाही होणार?’

‘और चार किलोमीटर के लिए डीजल? गरम होने से पहले तो तालाब आ जाएगा.’

‘आणि चढावर? नाव भिजली का वजन वाढते. पेट्रोल वर काढीन का तिले?’

हे सकाळी चहाला सुरू व्हायचं आणि जेवणापर्यंत चालायचं. दोघंही चुकीचं बोलत नव्हते, हीच खरी पंचाईत होती. जड ओझं सावकाश, दिवसभर ओढायचं तर डिझेल. थोडं अंतर, सारखं बंद-चालू, तर पेट्रोल. डिझेल कमी पितं, पण बिघडलं की रडवतं. पेट्रोल जास्त पितं, पण कोपऱ्यावरचा मिस्त्रीही दुरुस्त करतो. ऐकून ऐकून मला हे पाठ झालं आणि माझं डोकं उठलं. कार्यालयातून दमून यावं तर घरात हेच. मी आईला म्हटलं, यांना गप्प कर.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, ‘भांडू दे त्याहिले. बोलून तं राहिले.’

रविवारी आम्ही भनपुरीला डिझेलची पिकअप पाहायला गेलो. मी गेले कारण दोघांमध्ये कोणीतरी हवं होतं. गाडी सळया वाहून दमलेली होती, पण बाबा तिच्याभोवती असे फिरले जणू मुलीला स्थळ पाहायला आलेत. बॉनेट उघडलं, तेलाची काडी काढून पाहिली, बोटानं चोळली. मग भावाला म्हणाले, ‘तू मागं जाऊन उभा राह्य. सायलेन्सर पाह्य.’ आणि स्वतः बसून गाडी सुरू केली.

गाडीनं आधी खाकरून घेतलं आणि मग काळ्या धुराचा मोठा लोट सोडला. त्यात भाऊ दिसेनासा झाला. धूर विरळ झाला तेव्हा तो गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला होता आणि खोकत होता. खोकला थांबेचना. मी धावले, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. तो हातानं ‘कुछ नहीं, कुछ नहीं’ करत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

बाबांनी इंजिन बंद केलं. खाली उतरून ते आमच्याजवळ आले.

‘कधीपासून आहे हे?’ त्यांनी मला विचारलं.

‘कारखान्यात होता तेव्हापासून.’

‘मले काहून नाही सांगितलं?’

तुम्ही बोलत कुठं होतात, असं तोंडाशी आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी गिळलं. बाबांनी बॉनेट हळूच खाली केलं, मालकाला हात जोडले आणि भावाला म्हणाले, ‘चल. पेट्रोल पाहू.’

अशा रीतीनं पेट्रोलची जीप आली, मागं उघडा हौदा असलेली, कुठल्याशा सरकारी लिलावातून फिरत आलेली. बाबांनी तिच्यावर नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पण आत काही बसले नाहीत. ‘तुमची गाडी, तुम्ही बसा,’ म्हणाले. हार मानली होती, पण बसून दाखवायची तयारी नव्हती.

तपासणीच्या सकाळी आई, मी आणि भाऊ जीपमध्ये, मागं ट्रॉलीवर नाव, आणि बाबा पुढं स्कूटरवर. खिशात त्यांची रेल्वेतली हिरवी झेंडी होती. जीपनं नाव मजेत ओढली. वाटेतल्या छोट्या चढावर बाबांनी स्कूटर बाजूला घेऊन मुद्दाम मागं वळून पाहिलं. जीप कुरकुरली नाही. त्यांनी स्कूटर पुन्हा पुढं काढली.

तलावावर साहेब आणि दोन माणसं आधीच आली होती. काठावर उतार होता. बाबांनी उताराच्या टोकाशी उभं राहून झेंडी दाखवली. ‘हँडल सरळ धर! इंजिन सरळ तं डबा सरळ! येऊ दे, येऊ दे!’

भावानं हँडल सरळ धरलं आणि जीप मागं घेतली. ट्रॉली दोन हात सरळ आली आणि डावीकडे वळली. भावानं तिला आणायला हँडल उजवीकडे फिरवलं, तशी ती आणखीच डावीकडे गेली आणि जीपला काटकोनात येऊन अडकली. पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली. या वेळी उजवीकडे. बाबांची झेंडी हलत होती, ‘सरळ, सरळ!’ आणि ट्रॉली जिकडे नको तिकडेच जात होती. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहायला लागल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की महिनाभर आम्ही ओढायचंच बोलत होतो. नाव पाण्यात उतरवायची तर ती मागं ढकलावी लागते, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आसपासच्या गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेणारा एक तरी माणूस असतो. आमच्या घरात सगळे रुळावरचे. रुळावर इंजिन मागं आलं की डबे मुकाट मागं जातात, त्यांना दुसरी वाटच नसते. बाबांनी उभ्या आयुष्यात लांबच लांब गाड्या मागं घेतल्या होत्या आणि एकदाही हँडल फिरवलं नव्हतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. भावाची नजर आईकडे गेली, आणि मला देव्हाऱ्यातलं तिकीट डोळ्यांसमोर दिसलं.

बाबांनी झेंडी गुंडाळून खिशात घातली. ते जीपजवळ आले आणि खिडकीतून म्हणाले, ‘थांब. चूक माही आहे. इथं रूळ नाही ना बे.’ मग मोठ्यांदा, ‘कपलिंग काढ! हातानं शंटिंग करू.’

यार्डात एकटा डबा हलवायचा असला की इंजिन नसतानाही माणसं तो ढकलून नेतात, हे आम्ही लहानपणी पाहिलं होतं. ट्रॉलीला दोर बांधला, दोराचा वेढा काठावरच्या कडुनिंबाला दिला, दुसरं टोक भावाच्या हातात. मग बाबांनी कपलिंगची पिन उपसली आणि चाकामागं वीट धरून ते स्वतः वाकले. आई आणि मी दोन बाजूंनी. साहेबांची दोन माणसंही आपण होऊन लागली. ‘सोड, सोड, थांब!’ बाबा विटा सरकवत होते, भाऊ दोर सोडत होता. ट्रॉली हळूहळू पाण्यात गेली आणि नाव तिच्यावरून सुटून तरंगली.

आई चक्क टाळ्या वाजवायला लागली. भावानं साहेबांना एक फेरी मारून आणली. परत आल्यावर ते म्हणाले की रविवारपासून सुरू करायला हरकत नाही, कागद देतो. मग जीपला दोर बांधून भिजलेली नाव वर काढली. पेट्रोलनं एका दमात काढली. बाबांनी तिकडे पाहिलंच नाही असं दाखवलं.

घरी आलो. शाबास वगैरे शब्द बाबांच्या तोंडी नव्हतेच. त्यांनी हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढं जाऊन हात जोडले, तिकीट उचलून खिशात घातलं आणि चपला चढवल्या.

आई घाबरली. ‘आता काहून घेतलं ते?’

‘रद्द करून येतो. उद्याची गाडी आहे, खिडकी बंद व्हाच्या आत गेलं पाहिजे.’ मग त्यांनी भावाला हाक मारली. ‘चाल, मले स्टेशनवर सोड.’

‘बाबा, ट्रॉली अभी लगी हुई है. नाव भी ऊपर है.’

‘राहू दे लागलेली. मागं तं नाही घ्याची ना आता.’

भाऊ हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. बाबा जीपच्या दाराला धरून थांबले. खोकला बसेपर्यंत ते त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग ते पहिल्यांदा त्या पेट्रोलच्या गाडीत बसले.