पान दोनशे बारा

आमच्या मानेवाड्याच्या लेआउटमधलं, म्हणजे वसाहतीतलं, महिला वाचक मंडळ मी चालवते. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे नियम लावल्याशिवाय मला करमत नाही. मंडळाचा नियम असा: महिन्याचं पुस्तक जी अर्धवट सोडेल, तिचं नाव यादीतून कमी.

प्रमोदिनीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा वाटलं, ह्या काय टिकतात! शिक्षण सातवी, वाचताना ओळीवर बोट. सव्वीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या जळीत वॉर्डात आया होत्या. पण दोन वर्षांत बाईनं एकही पुस्तक सोडलं नाही. शब्द अडला की भर दुपारी मला फोन, माझा डोळा लागलेला असो की नसो. नवरा गेल्यापासून घरात एकट्याच. "मंडळाचा दिवस आला का मले बरं वाटते, मॅडम," म्हणायच्या.

मे महिन्यात मी एक गाजलेली कादंबरी निवडली. बैठकीच्या आदल्या दिवशी, टळटळीत उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून प्रमोदिनीबाई दारात हजर. पुस्तक टीपॉयवर ठेवलं.

"पान दोनशे बारा. पुढं माह्यानं नाही होत. माझं नाव कमी करा."

"आता काय झालं?" मी तडकलेच. "लेखकानं खरं तेच लिहिलंय. साहित्य म्हणजे काय नुसतं गोडगोड असते का?"

"खोटं आहे असं कुठं म्हणून राहिली मी?" त्यांचाही आवाज चढला. "अकरा पानं ते बाई जळून राहिली. कातडी कशी निघते, वास कसा येते, सारं बरोबर आहे. पण ते कोणाशी एक शब्द नाही बोलत! असं नसते, मॅडम."

कूलरच्या घरघरीत नीट ऐकू येईना. मी कूलर बंद केला. मे महिन्यात, नागपुरात!

"मग कसं असते?"

"बोलतात ना त्या. लेकीची वेणी कोणी घातली असन, इचारतात. सावनेरची एक पोरगी होती, खुशी. मलम लावताना म्हणे, मावशी, तुमचे हात थंडे आहेत, बरं वाटते. वाचली ते. आता शिलाईचं दुकान टाकलं तिनं." त्यांनी डोळे पुसले. "हे पानं वाचले का मले त्या साऱ्या नुसत्या जळलेल्या दिसतात. मले तशा नाही पाहायच्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ती पानं मी वाचलीच नव्हती. कातडीचं वर्णन सुरू झालं तशी मी सरळ दोनशे तेरावर उडी मारली होती. शेवटी सांगून टाकलं, "प्रमोदिनीबाई, नाव कमी करायचं तर आधी माझं करावं लागेल."

त्या पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या! "अगं माय! आन् मले रागावून राहिल्या होत्या?"

"उद्या मी हे सगळ्यांसमोर कबूल करते. पण तुम्ही खुशीचं सांगायचं."

"ते त पुस्तकात नाही, मॅडम."

"म्हणूनच," मी म्हटलं.