आधी गोंडा, मग झूल

भागीरथाच्या हातांना सागाचा वास यायचा. कोणासमोर जायच्या आधी ती तो राखेनं घासून काढायची.

नागपुरात, महाल भागातल्या एका बोळात तिच्या नवऱ्याचं, देवराव सुताराचं, दुकान होतं. तान्ह्या पोळ्याला लेकरं मिरवतात ते लाकडी बैल देवराव कोरायचा. त्याच्या बैलाचा साज रंगवलेला नसे, लाकडातूनच उठवलेला असे. पाठीवर झूल, झुलीवर कवड्या, गळ्यात घुंगरमाळ, माळेवरून झुलीवर लोंबणारा गोंडा, कपाळावर मठाटी, शिंगांच्या टोकांना शेंब्या. आमच्या खेड्यातल्या बैलांच्या अंगावरूनही हा साज हळूहळू उतरत चालला होता. शहरात तर ही नावं घेणारंच कोणी उरलं नव्हतं. देवरावच्या दुकानात मात्र ती रोज कानावर पडत.

त्र्याहत्तर साली देवराव वारला. बैल तरी येतच राहिले, आणि आधीपेक्षा नाजूक.

गल्ल्यावर आता देवरावचा धाकटा भाऊ शरच्चंद्र बसे. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्याची नोकरी होती. सुटीच्या दिवशी तो दुकान उघडी आणि बैल आपणच कोरतो म्हणून सांगे. आत, पोत्याच्या पडद्यामागे, कोरत असायची भागीरथा. विधवेच्या हातचा नंदी सणाला कोण नेईल, ही धास्ती दोघांनाही होती.

तीन वर्षं हे झाकलं गेलं. मग भैय्याजी आले.

भैय्याजी आमच्याच गावचे. नागपुरात त्यांचा धान्याचा व्यापार. पोत्यातला दाणा दाताखाली फोडल्याशिवाय ते सख्ख्या मेहुण्याचाही गहू घेत नसत. नातवासाठी त्यांना कमरेइतका उंच बैल हवा होता. पण बाजारात कोणी तरी त्यांच्या कानात घातलं होतं की देवरावच्या घरी आता बाहेरून ट्रकानं माल येतो, इथं फक्त रंग चढतो. त्यांनी मला सोबत घेतलं. मी गावाकडचा, मला साज कळतो म्हणून.

दुकानात त्यांनी बैलाकडे पाहिलंच नाही. शरच्चंद्रचा हात धरला आणि तळवा उलटून पाहिला.

"शरद, सुताराचा हात इतका मऊ काहून गा?"

"तेल लावतो, भैय्याजी."

"मी रोज लावतो. माह्या हाताचे घट्टे नाही गेले."

शरच्चंद्र हसला. पडद्यामागची ठोक थांबली. मला ऐकू आलं. भैय्याजींनाही आलं असावं, कारण त्यांनी एकदा तिकडे मान वळवली.

"बरं, सांग. हा साज कोरतेवेळी पह्यले काय कोरतं?"

शरच्चंद्रला नावं पाठ होती. तो भरभर बोलला, "पह्यले झूल. मग तिच्यावर कवड्या. मग घुंगरमाळ. सगळ्यात शेवटी गोंडा."

मलाही ते बरोबरच वाटलं. आम्ही बैल असाच सजवतो. भैय्याजींनीही मान हलवली, पण डोळे बारीकच राहिले.

"अर्धा झालेला बैल दाखव. बाहेरून येत नसन, तर अर्धा असनच एखादा."

शरच्चंद्रचा चेहरा उतरला. अर्धा बैल पडद्यामागे होता, भागीरथाच्या मांडीशी. भैय्याजी तसेच परतले असते, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं आणि दुकानाला कुलूप लागलं असतं. पडदा सरला असता, तर विधवेचा हात उघडा पडला असता. आत बसलेली बाई हे सगळं ऐकत होती.

पडदा सरला. केसांत ढलप्या अडकलेल्या, पदर खोचलेला. भागीरथानं बैल ओढत बाहेर आणला.

"वहिनी," शरच्चंद्र पुटपुटला, "तुम्ही आत जा."

ती गेली नाही. बैलावर गोंडा पुरा झाला होता, धागा न् धागा मोकळा. माळेचे घुंगरू अर्धवट होते. झुलीच्या जागी नुसतं ओबडधोबड लाकूड.

भैय्याजी वाकले. "हे तर उलटं हाय. झुलीच्या आधी गोंडा?"

"बैल सजवताना जे शेवटी चढते, ते लाकडात आधी निघते," भागीरथा म्हणाली. "वरचं ठेवा लागते, मंग खाली जा लागते. आधी झूल कोरली तर गोंड्याले लाकूड कुठून आणू?"

"शरद तर दुसरंच सांगून राहिला."

"त्यानं खरे बैल सजवले. लाकडी नाही."

भैय्याजींनी तिच्याही हाताचा अंगठा पाहिला. पटाशीनं तो एका बाजूला पार चपटा झाला होता. त्यांनी गोंड्याच्या धाग्यावरून नख फिरवलं. मग म्हणाले, "हाच पुरा कर. पण पोत्यात झाकून पाठवजो."

"झाकून न्यायचा असन तर नका नेऊ, भैय्याजी. कोणी विचारलं तर माह्यं नाव सांगा लागन."

भैय्याजींनी चपला पायात सरकवल्या. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "आंगठा खोटा नव्हता ना गा?"

तान्ह्या पोळ्याला मी मुद्दाम त्यांच्या गल्लीत गेलो. नातवाचा बैल उघडाच होता. एका बाईनं विचारलं, कोणाच्या हातचा. भैय्याजींनी आधी चारी बाजूला पाहिलं, मग सांगितलं, "देवरावच्या भागीरथाचा. मी पाहून आलो."

बाईनं तोंड वाकडं केलं. लेकरानं मात्र गोंड्यावरून हात फिरवला.

मी ते सांगायला महालात गेलो. भागीरथा पडदा बाजूला बांधून, उजेडात कोरत बसली होती. तिनं पटाशी खाली ठेवली नाही.

"तुम्ही सोता ऐकलं?"

"सोता."

"आणखी कोण होतं तिथं?"

मी एकेक नाव सांगत गेलो. शेवटच्या नावापर्यंत ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठली, आणि हात न घासताच चहा ठेवायला गेली.